व्याध उगवेपर्यंत

आभाळ पांढरं होऊन पंधरा वर्षं झाली होती. पृथ्वी आणखी तापू नये म्हणून फार वर, वातावरणात चुनखडीची बारीक धूळ पसरवली गेली. माणसं वाचली, तारे दिसेनासे झाले. सौदा वाईट नव्हता, असं सगळेच म्हणत. ललिता गोडांबे सोडून.

तिची आई इजिप्तच्या वाळवंटात एका निद्रामंजूषेत, म्हणजे शरीर गोठवून जपणाऱ्या पेटीत, झोपली होती. तीस वर्षांत आपल्या रोगावर औषध निघेल, या आशेवर. औषध निघालं, ते ललिताच्या पर्समध्येच होतं. पेटी मात्र उघडत नव्हती.

"फोडा ना ती!" ललिता पेट्यांची देखभाल करणाऱ्या डॉ. रेहाना मुकादमांवर खेकसली.

"फोडली तर हृदय बंद पडेल, ललिताताई. हळूहळू ऊब देण्याचं काम पेटीच करते, आणि ते सुरू करणारं कुलूप ताऱ्याचं आहे. मुदतीनंतर व्याध उगवताना दिसला, तरच ते उघडतं."

ही हौस जुन्या इजिप्तवरून उचललेली. तिथे काही शवपेट्यांच्या झाकणावर आतून ताऱ्यांचं कोष्टक रंगवत, मेलेल्याला रात्र किती उरली ते कळावं म्हणून. आपला व्याध ही त्यांची सोपदेत देवी. दोन-अडीच महिने ती सूर्याच्या उजेडात हरवे आणि एका पहाटे पुन्हा उगवे. तेव्हा त्यांचं वर्ष सुरू होई. पेट्या बनवणाऱ्यांना हे फार भावलं. घड्याळ चुकेल, कंपनी बुडेल, व्याध चुकायचा नाही! आभाळच झाकलं जाईल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

"मग दिव्याचा खोटा तारा दाखवा."

"दाखवला. कुलूप सगळं आभाळ ताडून बघतं." रेहाना घुटमळल्या. "आणखी एक आहे. मुदत संपल्यापासून दरवर्षी व्याधाच्या मोसमात पेटी त्यांना थोडं जागं करते. तारा दिसला नाही, की पुन्हा झोपवते. आम्हाला हे आत्ताच कळलं."

त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. कोरड्या घशातून आवाज आला, "लले, उजाडलं का गं?" मग पुढच्या वर्षीचा, तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या वर्षी आई रडत होती. ललिताने कान झाकून घेतले.

"धूळ कधी काढणार?"

"काढली तर माणसं भाजून मरतील. आपल्या हयातीत तरी नाही."

"आणि पेटी?"

"ती शेकडो वर्षं चालेल. कायमची बंद करायचा खटका बाहेर आहे; ओढला की त्या पुन्हा जाग्या होणार नाहीत. मुलगी म्हणून तो फक्त तुम्हीच ओढू शकता."

व्याध उगवायचा होता त्या पहाटे ललिता पेटीला गाल लावून बसली.

"लले, उजाडलं का गं?"

वर ताकासारखं आभाळ होतं.

"हो आई, उजाडलं," ललिता म्हणाली. "व्याध दिसतोय बघ. ऊठ आता."

"आले हं," आई म्हणाली. तिचा आवाज किती आनंदला होता.

ललिताने खटका ओढला.