खुंटीची राखण

पँट-बुशशर्ट घातलेला, चांगला शिकलासवरलेला माणूस भर उन्हात दगड चाटत बसला होता... आणि ते बघून चांगुणाच्या डोक्यावरची घागर पडता पडता राहिली.

त्र्याहत्तर सालचा वैशाख होता. कळंबच्या त्या बाजूला पावसानं पाठ फिरवलेली. दोन कोसांवरून आणलेलं पाणी सांडलं असतं, तर घरी तिची खैर नव्हती. उन्हानं माणसाचं डोकं फिरतं हे तिनं ऐकलं होतं, पण इतकं फिरत असेल असं वाटलं नव्हतं.

"अवो साहेब," ती लांबूनच म्हणाली, "तहान लागली आसंल तर पानी मागावं. दगूड कशाला चाटता?"

तो दचकला. कानापर्यंत लाल झाला. "दगड ओला केला की त्याचा खरा रंग दिसतो. आणि बाटलीतलं पाणी... संपलं."

घागर उतरवायला ती वाकली अन् तशीच थबकली. "पानी देते, पर... आमी बौद्धवाड्यातली हाय."

त्यानं फक्त ओंजळ पुढं केली. ती ओतत राहिली, तो पीत राहिला. मग मनगटानं तोंड पुसून म्हणाला, "जयभीम. मी परंड्याचा. बब्रुवान."

चांगुणा बघतच राहिली. सरकारी खात्याचा साहेब, आणि आपल्यातला! तिनं उलट जयभीम घातला खरा, पण तो तिचा तिलाच ऐकू आला.

बब्रुवान आला होता बौद्धवाड्याच्या विहिरीची जागा ठरवायला. गावच्या विहिरीवर या बायकांनी ताटकळत उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर घागरीत वरून पाणी पडायचं. म्हणून तर त्या दोन कोस चालत. आता खूप अर्जविनंत्या करून वाड्याला स्वतःची विहीर मंजूर झाली होती. एकच. तिला पाणी लागलं नाही, तर पुन्हा मिळेल याची शाश्वती नव्हती.

"हे बघा," त्यानं हातातला दगड पुढं केला, "ही आधी माती होती. पाण्यानं तिचा दगड केला."

"काई बी."

"पाण्यात दगड विरघळतो."

"साहेब, आमी अडानी आसू, पर इतक्या न्हाय."

तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे चांगुणाला उगाचच दिसलं.

"रांजणाला बाहेरून पांढरं पुट धरतं ना? पाणी पाझरतं, ऊन ते पिऊन टाकतं, पाण्यात विरघळलेलं मागं राहतं. इथंही तसंच. मुरणारं पाणी खडकातली गार, म्हणजे गारगोटीचा अंश, अगदी कणाकणानं विरघळवून घेतं. उन्हाळ्यात तेच पाणी मातीतून वर चढतं आणि उडून जातं. गार मात्र मातीच्या फटींत बसते. दरवर्षी थोडी थोडी. शेवटी फटी बुजतात, मातीचे कण एकमेकांना असे धरून बसतात की पहारीलाही सुटत नाहीत."

"किती वर्सं लागत्यात?"

"हजारो."

"इतकी वर्सं येकमेकाला धरून बसायचं..." ती बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते कळताच घाईघाईनं चुंबळ शोधू लागली. चुंबळ तिच्याच हातात होती.

गारेचा तो पत्रा जमिनीखालून बाभळीपर्यंत गेला होता. विहीर बाभळीच्या पलीकडं घ्यायची होती. बब्रुवाननं फीत धरून मापं घेतली, वहीत लिहिली आणि लाल रंगाची खुंटी ठोकली.

"काम सुरू होईपर्यंत खुंटीची राखण तुमच्याकडं. दर बुधवारी येऊन बघेन."

"माझ्याकडं?" चांगुणाचे डोळे विस्फारले.

तो दोन बुधवार आला. एवढीशी खुंटी, पण ती बघायला त्याला दुपार पुरत नव्हती. मग खात्यानं त्याला वीस दिवसांसाठी दुसरीकडं धाडलं, आणि इकडं चांगुणाला अक्कल सुचली. खुंटीही राखायची आणि शेळीही राखायची, मग शेळी खुंटीलाच बांधली तर? एका दगडात दोन पक्षी!

शेळीनं तासाभरात खुंटी उपटली आणि बाभळीच्या अलीकडं शेंगा खात उभी राहिली. चांगुणा धावली. पण भेगांनी फाटलेल्या त्या रानात खुंटीचं भोक कुठलं नि भेग कुठली? अंदाजानं तिनं खुंटी ठोकली. बाभळीच्या अलीकडं. आणि भीतीपोटी तोंडाला कुलूप घातलं.

काम सुरू झालं. आठ हात खोलीवर पहारीतून ठिणग्या उडाल्या. चार दिवस घाव घातले, वीतभरही खड्डा खाली गेला नाही. विहिरीच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीचा श्रीपती अर्ज लिहीत म्हणाला, "सायबावर अर्ज करतो. नोकरीच जाऊ द्या त्येची. अन् ही विहीर रद्द."

बब्रुवान आला. त्यानं बाभळीपासून खड्ड्यापर्यंत फीत धरली, वही उघडली, आकडा बघितला. मग मान वर करून फक्त एकदा चांगुणाकडं बघितलं आणि वही मिटली.

"चूक माझी," तो म्हणाला. "खुंटी मीच चुकीच्या जागी ठोकली."

चांगुणाच्या पायाखालची जमीन सरकली. याला सगळं कळलंय! आणि माझ्यासाठी हा स्वतःची भाकरी घालवतोय... तिच्या तोंडाचं कुलूप निघालं.

"खोटं बोलत्यात साहेब. खुंटी माझ्या शेळीनं उपटली. म्या परत ठोकली. भ्याले, म्हनून सांगितलं न्हाय."

तिच्या बापाच्या, ज्ञानोबाच्या, हातातली पहार खाली पडली. "चांगुणे..." एवढंच तो म्हणाला. मग वाकून त्यानं पहार उचलली. "साहेब, खरी जागा दावा. नवा खड्डा आमी फुकट खांदतो."

श्रीपतीनं अर्ज घडी करून खिशात घातला. बब्रुवाननं वहीत बघून जागा दाखवली, आणि अख्खा बौद्धवाडा मातीत उतरला.

सतराव्या दिवशी खालून झरा फुटला. बायका हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. चांगुणानं पहिली घागर भरली आणि बाभळीखाली उभ्या असलेल्या बब्रुवानच्या ओंजळीत ओतू लागली. ओतता ओतता तिच्या मनात काहीतरी लख्ख झालं.

"साहेब, माप वहीत व्हतं?"

"होतं."

"म्हंजी खुंटी नसती, तरी जागा गावली आसती?"

"हो."

"मग राखण कशापायी सांगितली?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "बुधवारी यायला... काहीतरी कारण पाहिजे होतं."

ओंजळ भरून पाणी त्याच्या कोपरांवरून मातीत सांडत होतं. थेंबाथेंबासाठी दोन कोस चाललेल्या चांगुणाला ते दिसत नव्हतं. घागर अर्धी झाली, तेव्हा कुठं ती भानावर आली.

"उद्या घरी येऊन आबांना इचारा," ती खाली बघत म्हणाली. "पर त्येंच्यासमोर दगूड चाटू नका."