तड्याचं नाव

‘आवा पेटला गं बाई, नको बोलूस तडा,
आग चोरून ऐकते, तिचा कान गं उघडा.’

आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी आवा (मडकी भाजायची भट्टी) रचायला घेतला की केतकीला हा आवाज ऐकू यायचा. घोगरा, धुरासारखा, पाठीमागून येणारा. त्यांच्या कुंभारआळीचा नेमच होता तसा. आवा पेटल्यापासून निवेपर्यंत कुणी ‘तडा’ हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला, की आत कुठलंतरी मडकं टणकन फुटणार. आता गावात वीज खाडीच्या लाटांपासून तयार व्हायची, टपाल उडत यायचं, पण हा नेम कुणी मोडला नव्हता.

यंदा मात्र काहीतरी विचित्र चाललं होतं. दिवेलागणीला खाडीवरून धुकं वर चढलं, की दिवटी येऊन केतकीच्या दारातल्या चिंचेखाली उभी राहायची.

दिवटी म्हणजे आरोग्य केंद्रातली यंत्रबाई. उंची केतकीएवढी, हात काटकुळे, आणि चेहऱ्याच्या जागी एकच काचेचा निळसर डोळा. ती हलायची नाही, बोलायची नाही. नुसती घराकडे बघायची आणि काळोख दाटला की आली तशी परत जायची. तिच्या आसपास कोंबड्यासुद्धा गप्प होत. बाबा म्हणाले, बिघडली असेल. आळीतल्या पोरी म्हणाल्या, ती ज्या दारात उभी राहते त्या दारातलं माणूस जातं. केतकीने त्यांना हसून उडवून लावलं खरं, पण झोपताना पांघरूण कानावर ओढून घेतलं. घरात माणसं तीनच. बाबा, ती स्वतः, आणि आई गेल्यापासून तिची वेणी घालणारी कुंदाआत्या.

आत्या चिंचेकडे पाठ करून बसायची. हल्ली ती कामाला बसली तरी गात नव्हती.

आवा पेटवायच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, केतकीला राहवेना. ती तडक चिंचेखाली गेली.

“कुणाला न्यायला आलीस?”

“न्यायला नाही, वाट बघायला,” दिवटी म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता, की केतकीच्या अंगावर काटा आला.

“कुणाची?”

“ते सांगता येत नाही. जिची गोष्ट तिलाच सांगायची, हा माझा नेम. आणि आत ये म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही.”

भुताचेही नेम असेच असतात, केतकीला वाटलं. पण ती मागे सरली नाही. त्या एका डोळ्याने तू बघतेस तरी काय, तिने विचारलं. ते सांगता येईल, दिवटी म्हणाली, ते तर मी शाळेतही सांगते.

मग धुक्यात ती सांगत गेली. बाळ जिथे वाढतं त्या पिशवीला गर्भाशय म्हणतात. तिचं खालचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख, मडक्याच्या गळ्यासारखं अरुंद. सगळं शरीर बनलेलं असतं पेशींचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवंत कणांचं). एचपीव्ही नावाचा एक विषाणू या तोंडाशी येऊन बसतो. बहुतेक जणींचं शरीर त्याला आपणहून हाकलून देतं. एखादीकडे मात्र तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं, गुपचूप, तिथल्या पेशींची घडण बदलत राहतो.

“दुखत नाही?”

“नाही. तीच तर भीती. बाई हसते, माती मळते, आणि आत कुणीतरी पावलं न वाजवता फिरत असतं.”

मग तुला ते दिसतं कसं, या प्रश्नावर दिवटीने उलटंच विचारलं. कच्च्या मडक्यातला बारीक तडा तुम्हाला कसा दिसतो? हे केतकीला येत होतं. ओलं फडकं हलकेच फिरवायचं. पाणी तड्यात शिरतं आणि आधी नव्हती ती काळी रेघ उमटते.

“माझंही तसंच. आधी कापसाच्या काडीने नमुना घेऊन विषाणू आहे का ते बघते. असला तर पातळ व्हिनेगर लावते. बदललेल्या पेशी हळूहळू पांढऱ्या होतात, जसं आतून धुकं वर यावं. पण पांढरं दिसलं म्हणजे वाईटच असं नाही हं. म्हणून तिथला कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ती बायोप्सी. तेव्हा कुठे निदान होतं (नेमकं काय झालंय ते ठरतं).”

“आणि वाईट निघालं तर? कॅन्सर?”

“बऱ्याचदा त्याच्या आधीची पायरी. कच्च्या मडक्याला तडा दिसला तर तुम्ही काय करता?”

“चिखल लावून ओल्या हाताने बुजवतो.”

“आणि भाजल्यावर?”

“मग चिखल धरत नाही.”

भाजल्यावरही डॉक्टर हार मानत नाहीत, दिवटी म्हणाली, पण काम फार कठीण होतं. कच्चं असताना तेवढीच जागा उष्णतेने जाळून टाकायची, बाई आपल्या पायांनी घरी जाते. पुढेही अधूनमधून तपासायचं, बस. आणि तुझ्याएवढ्या मुलींसाठी तर लस आहे, त्या विषाणूला दारातच अडवणारी. एवढं बोलून तिने खाडीकडे डोळा वळवला. हे काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई उद्याच्या भरतीला होडीने पुढच्या बेटांकडे निघणार होत्या. परत यायच्या त्या पावसाळा सरल्यावर.

पाठीमागे, पडवीत, कुणी हात न लावता एक मडकं वाजलं. टिण्.

केतकीने वळून पाहिलं. रचलेल्या आव्यापाशी कुंदाआत्या उभी होती. हातात वाळल्या गवताची पेटती चूड, आणि चेहरा राखेसारखा. तिने सगळं ऐकलं होतं. केतकीला एकदम कळलं, दिवटी कुणाची वाट बघत होती ते. मागे आत्या आरोग्य केंद्रात तपासून आली होती, तेव्हापासूनच तिचं गाणं थांबलं होतं. आजी ज्यात गेली ते दुखणंही या घरात कुणी कधी नावाने बोललं नव्हतं.

केतकीला ओरडावंसं वाटलं, पण ती हळूच म्हणाली, “आत्या, आवा अजून पेटला नाही ना?”

“नाही, बाय.”

“मग नेम लागू नाही. पेटायच्या आधी तर सांगायचंच असतं.”

आत्याने ज्योतीकडे पाहिलं, जणू ती ज्योत खरंच कान देऊन ऐकत होती. मग तिने चूड वाळूत खुपसली आणि चिंचेच्या दिशेने म्हणाली, “ये गं आत.” निळा डोळा हलला. दिवटीने उंबरा ओलांडला, आणि दिव्याच्या उजेडात ती साधी, थकलेली पाहुणी दिसू लागली. आत्याच्या कानाशी वाकून तिने तिची गोष्ट तिला सांगितली.

पलीकडून बाबांनी हाक मारली, की आग का विझवलीस, वारा पडलाय तोवर पेटव.

“थांब, दादा,” आत्या म्हणाली. “माझ्यात तडा आहे. अजून कच्चा आहे.”