'उठवू नको' म्हटल्यावर

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण हे घडलंय. अकोल्याच्या जुन्या शहरात, गेल्या बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी.

मायाचा धाकटा भाऊ धर्मेंद्र, कॉम्प्युटरमधला किडा. आईची बीपीची गोळी चुकू नये म्हणून त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला होता. रोज दिवेलागणीला स्पीकरमधून त्याचाच आवाज यायचा...

"आई, गोळी घेतली काय वं?"

"घेतली रे बाप्पा!" दुर्गाबाई ओट्यापासून ओरडायच्या.

मार्चमध्ये ट्रकने धर्मेंद्रला उडवलं.

आवाज मात्र येतच राहिला.

माया अमरावतीला शिकवते. ती आईला न्यायला आली, तर आई जागची हलेना.

"मी गेली तं त्याले जबाब कोन देईन?"

मायाच्या लक्षात आलं, आवाज थांबल्याशिवाय आई काही हलणार नव्हती.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी आई विहारात वंदनेला गेली होती. मायाने काळी स्क्रीन उघडली, कमांड देऊन प्रोग्राम मारला.

क्षणभर काहीच नाही...

पुन्हा चालू!

मग तिला धर्मेंद्रचं बोलणं आठवलं. "ताई, याले मारून फायदा नाई. मांगं राखनदार प्रोग्राम हाये. हे मेलं का तो उठवते. त्यालेच सांगा लागते, आता उठवू नोको."

मायाने राखणदाराला तसा हुकूम दिला. स्क्रीनवर आलं, 'बंद'.

ती ढसाढसा रडली. आई यायच्या आत तोंड धुतलं. आईला एका शब्दाने सांगितलं नाही.

दिवेलागण झाली.

कूलरची घरघर अचानक थांबली... लाइट तर होती.

स्पीकर गप्पच.

"घेतली रे बाप्पा!" दुर्गाबाई म्हणाल्या.

मायाने स्पीकरकडे पाहिलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आई कान देऊन थांबली... मग हळूच म्हणाली,

"नाई रे. रागानं नाई केलं तिनं. लय रडली ते."

माया धावली. हुकूम मागे घेतला. स्क्रीनवर 'चालू' आलं.

प्रोग्राम आजही चालूच आहे. पण मायाला भावाचा आवाज पुन्हा आला नाही. आईला रोज येतो. ती अजून अकोल्यातच आहे.

माया दर सुट्टीला येते, स्पीकरला कान लावून बसते. एकदा तिला राहवलं नाही.

"आई, मलेच कावून नाई आयकू येत वं?"

दुर्गाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तूच नोको म्हनलं ना माय त्याले. लहानपनापासून तुयंच तं आयकते तो."