पायाखालचं शून्य

“आधीच सांगतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो. “माझ्या रंध्यातून निघालेली ढलपी समोरच्या बिऱ्हाडाने वर्षभर पडदा म्हणून वापरली, हे तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत. पण आजचं ऐकलंत तर मला घराबाहेर काढाल. माझ्याच घराबाहेर.”

“सांगा हो भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “थापा ऐकायलाच तर येतो आम्ही. चहा काय, आमच्याकडेही होतो.”

मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण. शिवणकाम करते. गळ्यात कायम टेप आणि जिभेला कात्रीची धार. तिच्या शेजारी साडू बसला होता. साडू आधीच कमी बोलतो, त्यात तोंडात बिस्कीट असलं की विचारूच नका. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं, आणि टेबल या दोघांच्या छातीपर्यंत आलं होतं. कपाला हात घालायचा तर साडूला कोपर खांद्याच्या वर न्यावं लागत होतं.

“हे टेबल आहे का माळा?” मेहुणीने विचारलं. “शाळेत चुकून मोठ्यांच्या वर्गात बसवल्यासारखं वाटतंय.”

“नवीन पद्धत आहे. पाठ ताठ राहते.”

“आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट उंच केलीत ती?”

“हवा खेळते.”

तेवढ्यात ही बिस्किटांची दुसरी बशी घेऊन आली. गाऊनचा काठ फरशीवरून सळसळत होता. तिने बशी ठेवली, न वाकता. टेबल तिच्या हाताला अगदी बेताचं होतं. “तीच गोष्ट सांगताय ना?” ती हसून म्हणाली. “सांगा, सांगा. शेवट आला की मी आतून ऐकते.” आणि दुसरा चहा टाकायला आत गेली.

हिला ही गोष्ट फार आवडते. विशेषतः शेवट.

मग मी सांगायला लागलो.

माझा कारखाना म्हणजे घराला लागून असलेली एक लांबट खोली. एका टोकाला गोल करवतीचं टेबल, दुसऱ्या टोकाला हिचं घासायचं आणि पॉलिशचं टेबल, मध्ये भुसा. मी लाकडाच्या पेट्या करतो. झाकण वरून सोडलं की ते पडत नाही, आतल्या हवेवर बसून सावकाश खाली उतरतं, लिफ्टसारखं. अशी पेटी करायची तर करवत टेबलाच्या वर किती आली आहे हे केसाच्या हिशेबात कळावं लागतं. आयुष्यभर मी ते डोळ्यांनी केलं. डोळे संपावर गेले तेव्हा डिजिटल हाइट गेज आणलं.

ते तिथे फळीवर आहे बघा. खाली जड बैठक, त्यावर उभी पट्टी, पट्टीवर वरखाली सरकणारं एक पातळ पातं, आणि आकडे दाखवणारी छोटीशी काच. रिकाम्या टेबलावर बैठक ठेवायची, पातं टेबलाला टेकेपर्यंत खाली आणायचं, शून्याचं बटण दाबायचं. झालं. मग पातं उचलून करवतीच्या दातावर टेकवायचं आणि आकडा वाचायचा. यंत्र स्वभावाने अगदी गरीब. तुम्ही म्हणाल तिथे त्याचं शून्य. उलटून बोलत नाही.

“आमच्या ह्यांच्यासारखं,” मेहुणी म्हणाली. साडूने बिस्कीट चहात बुडवलं.

तर एके सकाळी ही मला म्हणाली, “अहो, माझं टेबल खाली गेलंय. वाकून वाकून कंबर धरते.”

“टेबल कुठे जाईल?” मी म्हणालो. “त्याला काय माहेर आहे?”

“गेलंय म्हणते ना मी.”

आता बायको आणि गेज यांत एकाची बाजू घ्यायची वेळ आली, की शहाणा माणूस बायकोची घेतो. मी गेजची घेतली. तिच्या टेबलाच्या चारही पायांवर, जमिनीपासून चार बोटं वर, मी टेबल केलं तेव्हाची एक कोरलेली खूण आहे. गेज जमिनीवर ठेवलं, चारही खुणा मोजल्या. टेबल जिथल्या तिथे. केसभरही हललेलं नाही.

मी मोठ्या ऐटीत तिला तसं सांगितलं. मी करवतीकडे परत आलो, फळी हातात घेतली, आणि मग माझ्या डोक्यात आलं. टेबल हललं नसेल, तर हललं काय?

त्यानंतर मी जमिनीकडे बघायला लागलो.

आमच्या खोलीत संध्याकाळपर्यंत भुशाचा थर बसतो, पिठासारखा. त्यात माझी पावलं उमटतात. टाच, चवडा, उजव्या चपलेची झिजलेली कड, सगळं. हिचीही उमटायची. आता तिच्या टेबलापाशी नुसता चपटा झालेला भुसा दिसत होता, कोणी वहीचं पान हलकेच दाबून उचलावं तसा. काही आठवड्यांनी तेवढंही दिसेना. ती चालून गेली की भुसा थोडा इकडे तिकडे सरकलेला असायचा, फुंकर मारल्यासारखा.

मधल्या दाराशी एक फळी आहे. कोणीही पाय ठेवला की कुरकुरते. मांजर गेलं तरी कुरकुरते. हिच्या पायाखाली ती गप्प राहायला लागली.

“छे!” मेहुणी म्हणाली. ती हसत होती, पण तिने टेबलाखाली आपले पाय जमिनीला नीट टेकवले ते मला दिसलं.

एक दिवस ही उभी राहून पेटी घासत होती. मी स्क्रू पडल्याचं निमित्त केलं, गेज घेऊन खाली बसलो आणि त्याचं पातं तिच्या तळव्याखाली सरकवलं. ते अडायला हवं होतं. आत गेलं. वर उचललं, तळव्याला टेकलं. काचेवर आकडा आला, ०.४२ मिलिमीटर.

“लग्नाला इतकी वर्षं झाली,” ही वरून म्हणाली, “आता पाया पडताय?”

पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट. एवढ्याने कोणाचं काय बिघडतं? मी स्वतःला असंच समजावलं. पुढच्या खेपेला १.१० आलं. मग दोनच्या वर. आम्ही भांडलो त्या दिवशीही वाढलं, हसलो त्या दिवशीही वाढलं. कमी मात्र कधी झालं नाही. लोक सहज म्हणतात, अमकीचे पाय हल्ली जमिनीला लागत नाहीत. म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावं, मी आकडा देतो.

मी हिच्या चपलांच्या तळाला शिशाच्या पट्ट्या ठोकल्या.

“अगं बाई! त्या चपला?” मेहुणी साडूकडे वळली. “मी तुम्हाला म्हटलं नव्हतं, ताईच्या चपला हाताने उचलवत नाहीत म्हणून?”

साडूने मान हलवली. त्याचं बिस्कीट चहात तुटून पडलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं.

हिचे पाय भरून यायचे. रात्री चेपून द्यावे लागायचे. आणि सकाळी मोजावं, तर चपलांसकट वर.

“तुझ्याकडून गाऊन शिवून आणला,” मी मेहुणीला म्हणालो, “तो आखूड झाला. तू तिला काय म्हणालीस आठवतंय?”

“या वयात उंच होतेस काय, म्हटलं.” मेहुणीचा आवाज जरा उतरला. “मी जमिनीपासून दोन बोटं मोजून काठ दुमडला होता. माझं माप चुकत नाही.”

“नाहीच चुकलं.”

आतून चहा ढवळण्याचा आवाज येत होता. चमचा पातेल्याच्या कडेला लागत होता, एका लयीत.

मला भीती एकाच गोष्टीची होती. घराला छत आहे. कारखान्यालाही आहे. पण स्वयंपाकघराच्या मागे अंगण आहे, तिथे ही कपडे वाळत घालते, आणि अंगणाला छत नाही. मी घरातच दोरी बांधली. अंगणात धूळ फार, कपडे खराब होतात, म्हणालो. मागच्या दाराला नवी कडी बसवली. चोर फिरतात, म्हणालो. ती खिडकीशी उभी राहून अंगणाकडे बघत राहायची, एवढंच.

मग एका सकाळी मी खाली बसलो होतो, आणि तिने वरून विचारलं, “किती झालं?”

तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

“खरं सांगा हं,” ती म्हणाली. “मला फार भीती वाटते हो. पाय टाकते आणि खाली काही लागत नाही. खूप झालं असेल तर एकदाच सांगून टाका. मग मी स्वतःला जास्त ओढून धरणार नाही.”

इथे मी नेहमी थांबतो. मोठा श्वास घेतो. तेव्हाही घेतला.

“मी पातं तिच्या तळव्याला टेकवलं,” मी मेहुणीला म्हणालो, “आणि काच तिच्याकडे फिरवली. शून्य! एक काडी वर नाही, एक काडी खाली नाही. जशी चढली तशी उतरली होती. तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्या दिवसापासून रोज सकाळी मोजतो, ती स्वतः आकडा वाचते. रोज शून्य. काय? म्हणालो नव्हतो, विश्वास बसणार नाही?”

आत चमचा थांबला होता. शेवट ऐकायला ती थांबते तशी.

साडू हसला. टाळीसाठी हात पुढे केला.

मेहुणी हसली नाही. ती टेबलाखाली बघत होती. टेबलाच्या चारही पायांना मी खालून ठोकळे जोडले आहेत. नवं लाकूड जुन्याशी रंगाने जुळत नाही, कितीही पॉलिश करा.

“परवा मी ताईच्या गाऊनचा काठ परत सोडला,” ती हळू म्हणाली. “तिसऱ्यांदा. आता आत कापडच उरलं नाही.”

“जुनं कापड आटतं.”

“ती खाली आली ना भाऊजी? मग घरातली टेबलं का वर चाललीत?”

मी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

ती उठली. फळीवरून गेज उचललं. दोन्ही हातांनी, जपून, माप घेणाऱ्या माणसासारखं. सकाळपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

“राहू दे,” मी म्हणालो. “पडेल.”

तिने ते उघड्या फरशीवर ठेवलं. गुडघ्यांवर बसली. पातं खाली सरकवत नेलं, फरशीला टेकून टक्‌ आवाज होईपर्यंत. मग काचेवर वाकली.

बोटाने काच पुसून तिने आकडा पुन्हा वाचला.

“वजा,” ती म्हणाली. “वजा एकशे अठरा.”

“हळू बोल,” मी म्हणालो.

पण तिला थापेचा धागा सापडला होता, आणि धागा सापडला की ती ओढतेच. तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता.

“भाऊजी, शून्य कुठे दाबलंत?”

आत पुन्हा ढवळण्याचा आवाज सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. झाला नाही. हिच्या पावलांचा आवाज तर येतच नाही, त्यामुळे ती जागची हलली की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

मागच्या दाराची कडी तेवढी वाजली.