फक्त आईंच्याच कपड्यांना

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की ड्रायर फक्त आईंचे कपडे टाकले की वाजायचा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, राजाबाई. देवासची गोष्ट, सन दोन हजार तीन. लग्न होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. शंतनूचं हे दुसरं लग्न. पहिली जयवंती, ती त्याआधी दीड वर्ष वारली. "हार्टचं झालं अचानक," एवढंच माझ्या माहेरी सांगितलं होतं. कुणी जास्त विचारलं नाही.

मी मुळात भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, एम.ए. करून काही फरक पडला नाही. त्यामुळे त्या आवाजाचं मी आधी मनावर घेतलं नाही. आमचं मशीन दोन टबांचं, मागच्या मोरीत ठेवलेलं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळून निघायचं. त्या दुसऱ्याला घरोघरी ड्रायरच म्हणतात. त्यातून आवाज यायचा. खड्… खड्… खड्… आतून कुणी मूठ आपटावी तसा.

"कपडे एका बाजूला जमत असतील," शंतनू म्हणाला. "नीट पसरून टाकत जा."

पसरून टाकले. वरची जाळी घट्ट दाबून बसवली. मशीन डुगडुगतंय की काय म्हणून पायाखाली पुठ्ठा सारला. सेफ्टी पिन अडकली असेल म्हणून टबाच्या तळाशी बोटं घालून चाचपलं. काही नाही. मग एका दुपारी मी एकेकाचे कपडे वेगळे लावून पाहिले. शंतनूच्या पँटी, गप्प. माझे ड्रेस, गप्प. जाड सोलापुरी चादर, तीसुद्धा गप्प. आईंचं लुगडं, खड्… खड्…

शेवटी लुगडं काढून आईंचा एकच हातरुमाल टाकला. तळहाताएवढा.

खड्… खड्… खड्…

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. उमाशंकर नाव त्याचं, जुना ओळखीचा. त्यानं मागचं पत्र्याचं झाकण उघडलं, रबरी बुश बदलला, टब हातानं फिरवून पाहिला.

"भाभी, मशीन एकदम टनाटन है. पर ये देखो, अर्थिंग का तार किसी ने काट रखा है. बॉडी में करंट उतरेगा."

"तो जोड दो ना भिया."

"मैंने तो पहलेवाली भाभी के टाइम पे भी माताजी को बोला था कि…"

तो एकदम थांबला. माझ्या मागं बघत. आई दारात उभ्या होत्या.

"चाय पी ले और जा," आई म्हणाल्या. "उस तार से मशीन बिजली खाती है. नी जोडना."

त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हा मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आई मशीनची चावी फिरवायला गेल्या की आधी लाकडी पाट पायाखाली ओढून घेत. रोज. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचे पाय गारठत असतील. आणि माझ्या पायात घरात रबरी चपला असायच्या. आईंच्या घरात चप्पल म्हणजे विटाळ, जयवंतीला कधी घालू दिली नव्हती. माझ्यासाठी मात्र शंतनू आईशी भांडला होता. मला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं!

"आई," मी विचारलं, "जयवंतीताईंना पाट द्यायचात ना तुम्ही?"

"शिकलेली होती ती. तिला कळायला नको?" तांदूळ निवडता निवडता आई म्हणाल्या. "झटका बसतो, झटका बसतो म्हणून रोजची नाटकं. कामाचा कंटाळा, दुसरं काय."

शंतनूला विचारलं, "खरं काय झालं होतं?" तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तसाच म्हणाला, "रविवारी जोडतो तार."

रविवारच्या आधी अविधवा नवमी आली.

नवऱ्यामागे न राहता सवाष्णपणी गेलेल्या बाईचं श्राद्ध या दिवशी. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, साडीचोळी द्यायची. आईंनी बाहेरची सवाष्ण बोलावली नाही. "चार बायका आल्या की चार तऱ्हेचं विचारतात. घरात सवाष्ण आहे की." आणि साडी? नवी कशाला? जयवंतीचीच हिरवी साडी ट्रंकेतून काढली. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून दुपारी धुतली, ड्रायरला लावली.

त्या दिवशी ड्रायर वाजला नाही. अजिबात नाही.

"बघ, झालं नीट," आई म्हणाल्या.

नळाला प्यायचं पाणी पाच वाजता आलं, तेव्हा कुठे स्वयंपाक सुरू झाला. पान वाढेपर्यंत अंधार पडला, आणि नेमके लाईट गेले. तेव्हा रोजच जायचे, तासन् तास. शंतनू दुसऱ्या पाळीला कारखान्यात. घरात आम्ही दोघीच. आईंनी कंदील लावला. मोरीतला पाट आणून मांडला, चपला बाहेर काढायला लावून मला त्यावर बसवलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी.

"पानावरून उठायचं नाही हं. सवाष्ण अर्ध्यात उठली तर गेलेली उपाशी राहते."

मी पहिला घास घेतला.

"साडी राहिलीच की ड्रायरमध्ये," आई म्हणाल्या. "थांब, आणते. लाईट नाहीत ते बरंय."

त्या अनवाणी गेल्या. मोरीची फरशी दुपारपासून ओली होती.

लाईट नाहीत, म्हणजे करंट नाही. मी मनाला समजावलं. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग आईंचा पुटपुटलेला आवाज, "अडकलीय कशात…"

आणि मग…

खड्…

मी वर बघितलं. बल्ब बंद. पंखा बंद. समोरच्या सगळ्या घरांत अंधार.

खड्… खड्…

"आई?"

खड् खड् खड् खड्…

"आई, हात काढा! आई!"

उठावं म्हणून मी हात टेकला. आणि लक्षात आलं, घरातला एकुलता एक पाट माझ्याखाली आहे. फरशीवर पाय ठेवायचा माझा धीर होईना. एक क्षण, खरं सांगते, एकच क्षण मनात आलं, होऊ दे. जयवंतीनंही त्याच मोरीतून हाका मारल्या असतील. कुणी आलं होतं का?

पण ती म्हातारी बाई होती हो. सकाळी तिनंच माझी वेणी घातली होती.

"आई! मागं व्हा! आई!"

आवाज थांबला.

एकदम.

कंदिलाची ज्योत सरळ उभी. खिरीवर साय धरत होती. मोरीकडून काही नाही. ना पाऊल, ना श्वास…

"आई… आई, ओ द्या ना…"

काही नाही.

"आई…"

मग अंधारातून ओ आली. तरण्या बाईची, मऊ, घाई नसलेली.

"ओ… तू जेव गं सावकाश."