दोरी तीच, मग गवत कुठं गेलं?

"परिमिती म्हणजे काय?" इलिंकानं विचारलं.

"कडेकडेनं फिरून परत यायचं अंतर," तोडर म्हणाला. "आणि मला भूक लागलीय."

"क्षेत्रफळ?"

"आतली जागा," त्याची बहीण सांदा म्हणाली. "आणि ह्यानं मघाशीच वाडगाभर मक्याची उकड हाणलीय, ताई."

मारामुरेश नावाच्या डोंगराळ मुलखातली ती शाळा सुट्टीमुळे बंद होती. बाई शहरात गेल्या होत्या, आणि जाताना या दोन चिल्ल्यापिल्ल्यांची उजळणी त्यांनी बारा वर्षांच्या इलिंकाच्या गळ्यात बांधली होती. बाकीची पोरं कधीच आईबापांमागे परदेशी गेली होती. वर्गात उरली ही तिघं आणि फळ्यावरचा कोळी. उजळणी ऐकून ऐकून तो काटकोनातलं जाळं विणायला लागला होता. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजून या.

इलिंकाची आई इटलीत स्ट्रॉबेऱ्या तोडायला गेली होती. ती रविवारी फोन करायची. घरी ठार बहिरे आजोबा आणि झोयाना गाय. दिवसभराचं सगळं इलिंका गायीलाच सांगायची. गाय मध्ये बोलत नसे, आणि कंटाळली तरी गोठा सोडून जात नसे.

पण आता तीही जाणार होती. "गवताची गंजी कमरेएवढीच झालीय," आजोबा म्हणाले होते. "हिवाळा निघायचा नाही. गाय विकावी लागेल."

गावचं कुरण सामाईक. पणजोबांच्या काळापासूनची एक तागाची दोरी होती. तिची टोकं बांधायची, खुंट्या ठोकून ती ताणायची. आत येईल ते गवत त्या घरचं. यंदा दोरी गाव्रिलकाकांकडे होती. त्यांनी घाईघाईत सगळ्यांना ऐसपैस तुकडे दिले आणि इलिंकाच्या घराला शेवटी ओढ्याकाठची लांबलचक पट्टी दिली. "दोरी तीच ना? मग गवत तेवढंच," ते म्हणाले. सगळ्या गावानं माना डोलावल्या. आजोबांनीसुद्धा.

"मग गवत चोरलं कुणीतरी," तोडरचा निकाल ठरलेला होता. तिघांनी दोन दुपारी हेझलच्या झुडपात दबा धरला. चोर म्हणून एक साळू आली आणि तोडरचा पाव घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा उजळणी. इलिंकानं सोळा काड्यांचा चौरस मांडला, एकेका बाजूला चार. आत काडीच्या मापाची चौकोनी घरं आखून एकेका घरात घेवड्याचा एकेक दाणा ठेवला. सोळा मावले.

"आता त्याच काड्यांचा लांब आयत करा. बाजू सात आणि एक."

आत सातच दाणे राहिले.

"नऊ कुणी खाल्ले?" सांदानं भावाकडे पाहिलं.

"कच्चा घेवडा कोण खातं?" तोडर तोंड उघडून दाखवायला लागला. सांदा मात्र त्या लांब आयताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, ही तर तुझी ओढ्याकाठची पट्टी."

चोर सापडला होता, आणि त्याला खिसेच नव्हते.

रविवारी चर्च सुटलं तेव्हा तिघं गवताच्या गाडीची दोरी घेऊन चर्चच्या अंगणात उभी होती.

"गाव्रिलकाका, सगळं गाव या दोरीत मावेल?"

"का नाही? आण इकडं एक कोपरा."

चौघं चार कोपऱ्यांत उभी राहिली. चौरस झाला. हसत, ढकलत सगळं गाव आत शिरलं, जाडजूड पाद्रीबाबा आणि त्यांचं कुत्रंही. तरी मधे एका माणसाची जागा उरली. इलिंकानं तिकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"आता काका, तुम्ही माझ्याजवळ या. तोडर, तू सांदाजवळ. आणि दोरी ताणा."

चौरसाची पट्टी झाली. माणसं दोन्हीकडून टूथपेस्टसारखी बाहेर आली. पाद्रीबाबा आत राहिले, त्यांचं पोट बाहेर. गाव्रिलकाकू तर थेट कुंपणावर.

"अहो, मी कुठं उभी राहू?" त्या ओरडल्या.

"दोरी तीच आहे, काकू," सांदा अगदी गंभीरपणे म्हणाली. "म्हणजे जागा तेवढीच."

कुणीच हसलं नाही. आणि मग सगळेच हसले. ठार बहिऱ्या आजोबांना सांगावंच लागलं नाही. त्यांनी डोळ्यांनी सगळं ऐकलं होतं. गाव्रिलकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"परिमिती तीच, क्षेत्रफळ कमी," इलिंका म्हणाली.

"पोरी, हे शब्द मीही शाळेत घोकलेत," काका म्हणाले. "उद्या माझ्या तुकड्यातलं उभं गवत तू कापून ने. तुझा चौरस पुरा होईपर्यंत. आणि पुढच्या वर्षी खुंट्या तू ठोकायच्या. दोरी मी धरेन."

"शाबास," पाद्रीबाबा म्हणाले. तोवर त्यांना बाहेर काढायला दोघं लागले होते.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"काय करतेस गं?"

"गोठ्यात बसलेय. झोयाना राहतेय, आई."

"आणि तू? एकटी आहेस?"

इलिंकानं गायीच्या मानेवर डोकं टेकलं. "आज सगळं गाव दोरीत मावलं," ती म्हणाली. "तुझी जागा तेवढी मोकळी होती. मी ती मोजून ठेवलीय."