ताऱ्याला दिलेलं नाव

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वार शनिवार, तारीख बावीस डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी, अमावास्या. धाकूकाका ही गोष्ट सांगताना नुसतं "अशीच एक थंडीतली रात्र" म्हणतात. पण मला वेळ पाठ आहे, कारण तेव्हा मी घड्याळाकडेच बघत होते.

धाकूकाका आमचे शेजारी. रत्नागिरीत बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ, आता मुलगा बघतो. दिवे गेले की ते आमच्या ओटीवर येऊन बसतात आणि वाडीतली पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात. "माझ्या वळखीची एक बाय होती रे..." अशी सुरुवात करतात. मी आत चुलीपुढे भाकऱ्या थापत ऐकते. पोरांना ठाऊक नाही. ती बाई मी.

काका थोडं मीठमसाला लावतात. त्याला माझी हरकत नाही. पण शेवटी ते एक गोष्ट करतात ती करू नये, म्हणून मीच आता जसं झालं तसं लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेव्हा चूकभूल असायची.

तर त्या दिवशी माझ्या मुलीची पाचवी होती. आईचा पाय मोडला होता म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. घर मिरजोळे गावाच्या कडेला, मागचं दार उघडलं की लगेच सडा. नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत. सासूबाईंनी पाटा-वरवंटा मांडला होता, सटवीसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. रात्री ती येऊन मुलाच्या कपाळी लिहिते, म्हणून कुणीतरी जागं राहायचं. सगळं तयार होतं, फक्त विड्याची पानं नव्हती. पानं आणायला यांना धाडलं होतं.

हे कारखान्यात फिटर. पण वेड आकाशाचं. अमावास्या म्हणजे लोक दारं लावून घेतात, यांची मात्र दिवाळी. धाकूकाकांचा कॅमेरा आणि यांच्या हातची फळी, अशी दोघांची जोडी. दोन फळ्या बिजागरीने जोडलेल्या, मध्ये लांब स्क्रू, वरच्या फळीवर कॅमेरा. झाकण काढून ठेवायचं आणि स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे तारे सरकतील तसा कॅमेराही सरकतो. तारे ठिपक्यासारखे येतात आणि झाडं, दगडी गडगे, घरं सगळी ओढल्यासारखी फराटतात. मी एकदा विचारलं होतं, "काका, मी उभी राहिले तर येईन का फोटोत?" काका हसले होते. "या फोटोत पृथ्वीवरचं काय नीट येत नाय गो. जो ताऱ्यासंगं चालंल तोच उमटंल."

पानं आणायला गेलेला माणूस मागच्या बाजूने धावत आला. हातात पानं नव्हती, गळ्यात दुर्बीण होती.

"आये! नवीन तारा! काल नव्हता तिथं! हंसाच्या ताऱ्यांखाली, समुद्राच्या बाजूला! सगळ्यात आधी मी बघितला!"

सासूबाई म्हणाल्या, "पानं कुठं हायत?"

"अगो पानं कसली! तारा जन्मलाय. आपल्या पोरीसंगं जन्मलाय. मी त्याचं नाव ठेवलं, राही!"

मोठ्याने म्हणाले. अंगणात उभं राहून, वर बघून.

सासूबाईंच्या हातातली वात खाली पडली. राही हे मुलीचं नाव ठरलं होतं, पण ते आम्ही तिघांनी मनातच ठेवलं होतं. बारशाच्या आधी नाव उच्चारत नाहीत. आणि त्यातून पाचवीच्या रात्री.

"मेल्या, पोरीच्या आधी ताऱ्याला दिलंस?"

"त्याला काय होतं आये? दोघांना पुरंल."

मी घड्याळाकडे बघितलं. सात वाजून दहा मिनिटं.

पुढचे चार दिवस तारा चढत गेला. हे रोज मागच्या दारातून ओरडायचे, "आज कालच्यापेक्षा ठळक!" आधी दुर्बिणीतून दिसायचा, मग जेमतेम नुसत्या डोळ्यांना दिसायला लागला. आणि मुलगी अशी बाळसं धरत होती की सासूबाईसुद्धा राग विसरल्या. मुठी आवळून दूध प्यायची. हे म्हणायचे, "बघ, भाव वधारलाय दोघांचा."

बुधवारी हे गप्पच आत आले.

"काय झालं?"

"काय नाय. उतरायला लागला. असले तारे असतातच तसे. एकदम पेटतात, मग विझत जातात."

"विझून कुठं जातात?"

"कुठं नाय. होते तसे होतात. दिसेनासे."

त्या रात्री मुलीने दूध घेतलं नाही.

गुरुवारीही नाही. रडत नव्हती, ताप नव्हता. नुसती पडून. शुक्रवारी सकाळी टाळू खोल गेलेली दिसली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले चमच्याने पाजत राहा, उद्यापर्यंत बघू, नाहीतर सिव्हिलला आणा. उद्या बारसं होतं. पाळणा टांगलेला, हरभरे भिजत घातलेले.

तिन्हीसांजेला हे बाहेर निघाले. मी म्हटलं, "आज जाऊ नका."

"अगो, मी बघितला नाय तर तो उतरायचा थांबणार हाय का?"

त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. घरात बसवत नव्हतं म्हणून ते जात होते.

मी सासूबाईंना विचारलं, "नाव परत मागून घेता येतं का हो?"

त्यांनी हातातला चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "दिलेलं परत घेता येत नाय. बदली द्यावं लागतं."

बदली.

मी पाळण्याकडे बघत बसले. आणि मला सुचलं. माझ्याकडे एक नाव जास्तीचं होतं. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सगुणा' लिहिलं, तेव्हापासून मी सगुणा. त्याआधीचं माहेरचं नाव ट्रंकेतल्या परकरासारखं घडी घालून पडलं होतं. सासरी तर ते कुणाला आठवतसुद्धा नव्हतं. वाटलं, हे दिलं तर कुणाचं काय जाणार आहे?

ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

डोक्याला फडकं बांधलं. बाळंतिणीने अशा वेळी उंबरा ओलांडू नये. मी ओलांडला.

सड्यावर षष्ठीचा चंद्र होता. काजूच्या झाडापाशी दोघं दिसले. हे दुर्बीण लावून बसलेले, काका स्क्रू फिरवत होते. कॅमेऱ्याचं झाकण काढलेलं होतं. मला बघून काका कुजबुजले, "सगुणा? अगो, तू हितं कशाला?"

मी कॅमेऱ्याच्या पुढे गेले. पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले. लांब खाली शहराचे दिवे. वर ते सगळे ठिपके. त्यातला कुठला, मला कळत नव्हतं. मी सगळ्यांनाच सांगितलं.

"तुझं नाव राही नाही. राही माझी मुलगी आहे. तुझं नाव..."

आणि मी ते घेतलं. माझं. तीन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने.

किडे ओरडत होते ते थांबले.

वारा नव्हता.

मी वाट बघत राहिले. कशाची, माहीत नव्हतं.

मग...

"ओ..."

मागून नाही. घराकडून नाही. समोरून. जिथे कातळ संपतो आणि खाली नुसती दरी आहे, तिथून.

मुलीचा आवाज. खेळातून आई बोलावते तेव्हा देतात तशी ओ. ओढून. जरा कंटाळून. मी तशीच द्यायचे.

काकांचा हात थांबला नाही. पण ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी ऐकलं होतं. यांनी नाही.

आणि घरात राही रडली. तीन दिवसांनी. मी धावले. दारात माझा पाय ठेचकाळला, नख निघालं, मला रात्री कळलं. पदराखाली घेतली तर हात धरून प्यायली. इतकी प्यायली की मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. धाकूकाका उशिरा आले, नीट जेवले नाहीत. आठवड्याने एक पाकीट घेऊन आले आणि फोटो चुलीपुढच्या उजेडात धरला.

तारे ठिपके ठिपके. काजूचं झाड फराटलेलं, ओल्या शाईवरून हात फिरवल्यासारखं. गडगा फराटलेला. मी उभी होते तिथे नुसता धुरकट डाग. आणि कातळाच्या कडेला एक मुलगी. परकर-पोलकं, दोन वेण्या, रिबिनी बांधून वर दुमडलेल्या.

ती फराटली नव्हती. पोलक्याची बटणं मोजता येत होती.

हे म्हणाले, "वाडीतली कोणतरी आली असंल बघायला."

"रघू," काका म्हणाले, "सगळी पृथ्वी फराटली. ही का नाय?"

यांनी फोटो उलटा करून ठेवला.

सातवीत असताना शाळेत मी तशाच वेण्या घालायचे. सासूबाईंनी फोटो उचलला आणि चुलीत टाकला.

यांनी पुण्याच्या तारे बघणाऱ्या मंडळींना ताऱ्याचं लिहून पाठवलं होतं, पुढे त्यांचं पत्र आलं. तो तारा परदेशात कुणीतरी आधीच बघून कळवला होता, त्याची रीतसर नोंदही झाली होती. म्हणजे त्याला नावाची गरजच नव्हती. पत्र आलं तेव्हा तारा आमच्या दुर्बिणीतूनही दिसत नव्हता.

शिमग्याला राहीला घेऊन माहेरी गेले. हातखंब्याला एस्टीतून उतरून आत चालत जावं लागतं. आई काठी टेकत दारात आली, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "ये सगुणा, आत ये."

आईने मला आजवर सगुणा म्हटलं नव्हतं. वाटलं, सासरचा मान राखते आहे.

दिवेलागणीला मी ओटीवर राहीला मांडीवर घेऊन बसले होते. आई आतून बाहेर आली आणि तिने माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली. लहानपणी मारायची तशीच. मला इतकं बरं वाटलं. ओ द्यायला मी तोंड उघडलं...

"ओ..."

परसातून.

आई म्हणाली, "अंधार झाला, आत ये गो."

"आये... मी इथं आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. पाहुणीकडे बघतात तसं, मायेने पण लांबून.

"तू बस गो सगुणा. दमून आलीस. ती हाय परसात, यील आता."

मी परसात गेले नाही. रात्रभर राहीला पोटाशी घट्ट धरून बसले आणि सकाळच्या पहिल्या एस्टीने परत आले. आईला मी पुन्हा कधी विचारलं नाही. आई आता एकटी असते, पण "मी एकटी नाय" म्हणते. शेजारणी म्हणतात, वय झालं. मी काय म्हणू? काही वेळा वाटतं, आईजवळ कुणीतरी आहे ते बरंच आहे. आणि काही वेळा घाम फुटतो.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं.

धाकूकाका गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी ते नाव घेतात. त्या रात्री सड्यावर ऐकलं ते त्यांच्या लक्षात राहिलं आहे. पोरं दचकावीत म्हणून एकदम मोठ्याने घेतात, पोरं किंचाळतात, हसतात, घरी जातात. मी कितीदा सांगितलं, "काका, नाव नको." ते म्हणतात, "अगो, नाव घेतल्याबिगर पोरांना खरं वाटत नाय."

गेल्या गुरुवारी दिवे गेले. काका ओटीवर. राही आता अडीच वर्षांची, माझ्या मांडीवर झोपलेली. काकांनी गोष्ट संपवली. नाव घेतलं.

पोरं किंचाळली नाहीत. कारण...

"ओ..."

मागच्या दारातून. आमच्या.

कुणीतरी पोर हसलं. "कोण रे तो? बाबल्या, तू काय?" बाबल्या तिथेच समोर बसला होता.

काका हसले नाहीत. अंधारात माझ्याकडे बघत राहिले.

राही उठून बसली. डोळे चोळत मागच्या दाराकडे बघितलं.

"आये, ताई आली."

मी कडी लावली. हे रात्रपाळीला होते. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि आम्ही दोघी राहीला मध्ये घेऊन बसलो. कुणी दार वाजवलं नाही. कुणी बोललं नाही. फक्त पहाटेकडे परसातल्या दगडी दोणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदाच.

उजाडल्यावर दार उघडलं. दोण काठोकाठ भरलेली. दोरीवर राहीची दुपटी होती, मी वाळत घातली तशीच. त्यांच्या शेजारी एक लाल रिबीन. धुऊन, पिळून, चिमट्याने लावलेली. पाणी ठिबकत होतं.

राहीचं जावळ आत्ताच काढलंय. तिच्या डोक्यावर रिबीन बांधण्याइतके केस नाहीत.

म्हणून हात जोडून सांगते. गोष्ट सांगायची तर सांगा, पोरांना भीती घालायची तर घाला. पण तुमच्या घरात कुणी तारे बघणारा असेल, तर त्याला सांगा की नव्या ताऱ्याला माणसाचं नाव देऊ नको, वापरात नसलेलंसुद्धा नको. आणि रत्नागिरीकडचा कुणी म्हातारा तुम्हाला ही गोष्ट सांगायला बसला, तर शेवट यायच्या आधी त्याच्या तोंडावर हात ठेवा. त्याला ते नाव घेऊ देऊ नका. हे जेवढ्यांना सांगता येईल तेवढ्यांना सांगा. माझी मुलगी लहान आहे हो. तिला ताई आवडायला लागली आहे.